पट्टी, घड्याळ आणि रंगतक्ता

कुठल्याही रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नवा तंत्रज्ञ रुजू झाला की त्याला पहिल्यांदा लघवीच्या टेबलावर बसवतात. रक्ताचे काम जबाबदारीचे, थुंकीचे काम जोखमीचे आणि लघवीचे काम शिकाऊ माणसाचे, अशी एक न लिहिलेली उतरंड सगळीकडे असते. डीएमएलटीचा, म्हणजे प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या पदविकेचा, अभ्यासक्रम पूर्ण करून मी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात रुजू झाले तेव्हा माझ्याही वाट्याला खिडकीजवळचे तेच टेबल आले. त्यावर प्लास्टिकच्या डब्यांचा ट्रे, टिपकागदाची चवड, भिंतीवर सेकंदकाट्याचे घड्याळ आणि रासायनिक पट्ट्यांची एक बाटली, एवढाच सरंजाम होता. पट्टी बुडवायची, रंग जुळवायचा आणि नोंदवहीत लिहायचे, यात शिकण्यासारखे काय असणार, असे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते. या टेबलावर बरीच वर्षे काढल्यावर मी एवढे सांगू शकते की रंग जुळवणे हा त्या कामाचा सगळ्यांत लहान भाग आहे. पट्टीला कोणता प्रश्न विचारला आहे, तो कोणत्या नमुन्यावर विचारला आहे आणि उत्तर कितव्या सेकंदाला वाचले आहे, या तीन गोष्टी ठाऊक नसतील तर समोर दिसणाऱ्या रंगाला काही अर्थ राहत नाही.

अभ्यासक्रमात आम्हाला जुन्या पद्धती हाताने करायला लावल्या होत्या. साखरेसाठी बेनेडिक्टचे निळे द्रावण परीक्षानळीत घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे, ते उकळायचे आणि रंग निळ्यावरून हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा कुठपर्यंत जातो ते पाहायचे. प्रथिनासाठी नळीचा वरचा भाग तापवून त्यात ॲसेटिक ॲसिडचे थेंब सोडायचे. या सगळ्याला बर्नर लागतो, नळ्या लागतात आणि वेळ लागतो. अमेरिकेतल्या एल्कहार्ट येथील एम्स कंपनीत काम करणाऱ्या हेलन आणि आल्फ्रेड फ्री या दांपत्याने केलेल्या कामातून १९५६ मध्ये लघवीतील ग्लुकोजसाठी ‘क्लिनिस्टिक्स’ ही बुडवून वाचायची पट्टी बाजारात आली आणि बर्नर बाजूला पडला. पुढे एकाच पट्टीवर एकापुढे एक चौकटी बसत गेल्या. आज माझ्या टेबलावर असणाऱ्या पट्टीवर दहा चौकटी आहेत: ग्लुकोज, बिलिरुबिन (पित्तातले पिवळे रंगद्रव्य), कीटोन, विशिष्ट गुरुत्व (म्हणजे लघवीचा दाटपणा), रक्त, पीएच, प्रथिन, युरोबिलिनोजेन (बिलिरुबिनपासून बनणारा पदार्थ), आणि संसर्गाची खूण देणारी नायट्राइट आणि श्वेतपेशी. उपकेंद्रांवर आरोग्यसेविकांकडे असते ती पट्टी मात्र दोनच चौकटींची, ‘अल्ब्युमिन-शुगर’, म्हणजे प्रथिन आणि साखर, पाहण्यापुरती.

खरे काम पट्टीच्या आधी, म्हणजे डबी हातात देताना सुरू होते. ‘पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, शेवटची पुन्हा सोडून द्या’ हे वाक्य मी सकाळपासून दुपारपर्यंत बोलत असते, आणि ते नुसते बोलून भागत नाही हे मला लवकर कळले. नुसते ‘मिडस्ट्रीम’ म्हटले तर समोरची बाई मान डोलावते आणि जशी जमेल तशी डबी भरून आणते. त्याऐवजी आधी जागा पाण्याने धुवायची, पांढरे पाणी जात असेल तर ते डबीत पडू द्यायचे नाही, पाळी चालू असेल तर तसे सांगायचे, डबी अर्धी भरली तरी पुरते, असे एकेक सांगावे लागते. आणि ते रांगेतल्या इतर माणसांदेखत न सांगता थोडे बाजूला नेऊन सांगावे लागते. अंगावरून जाणारे पांढरे पाणी नमुन्यात मिसळले की श्वेतपेशींची चौकट जांभळी होते, प्रथिनही थोडे दिसते, आणि ज्या बाईला काही झालेले नाही तिच्या हातात प्रतिजैविकाची चिठ्ठी पडते. एखादी आजी घरूनच औषधाच्या रिकाम्या बाटलीत नमुना घेऊन येते आणि ‘बाय, सकाळचीच हा’ असे अभिमानाने सांगते. तिला नवी डबी देऊन पुन्हा पाठवणे जिवावर येते, पण पाठवावे लागते, कारण बाटली कशाने विसळली हे तिलाही नक्की आठवत नसते. हायपोक्लोराइटचा अंश राहिलेल्या बाटलीत रक्ताची चौकट रक्त नसतानाही हिरवी होते, कारण ती चौकट मुळात ऑक्सिडीकरणावर चालते आणि ब्लीचही तेच काम करते.

नाव डबीच्या अंगावर लिहायचे, झाकणावर नाही, हा आमच्या प्रयोगशाळेचा पहिला नियम. ट्रेमध्ये वीस डब्या उघड्या असताना झाकणांची अदलाबदल व्हायला काही वेळ लागत नाही.

नमुना आल्यापासून तासाभरात, फार तर दोन तासांत, तपासला गेला पाहिजे. कोकणातल्या एप्रिल-मे महिन्यांत टेबलावर राहिलेली लघवी पाहता पाहता बदलते. जंतू वाढतात, ते युरियापासून अमोनिया तयार करतात, त्यामुळे पीएच वर जातो. ग्लुकोज तेच जंतू खाऊन टाकतात. नायट्राइट नसलेल्या नमुन्यात ते तयार होते. उजेडात बिलिरुबिन नाहीसे होते. तपासायला उशीर होणार असेल तर नमुना फ्रिजमध्ये ठेवता येतो, पण मग तो बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो. ग्लुकोजच्या चौकटीतली विकरे (एन्झाइम) थंडीत मंदावतात आणि साखर असूनही कमी दाखवतात. गर्दीच्या दिवशी हा थांबण्याचा भाग पहिल्यांदा वगळला जातो, असे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

पट्टी बुडवण्याची कृती वर्णन करायला सोपी आहे, पण तिच्यातले प्रत्येक पाऊल कशासाठी आहे ते आमच्या वरिष्ठ तंत्रज्ञांनी मला हाताला धरून दाखवले. नमुना हलक्या हाताने हलवून एकसारखा करायचा, कारण रक्तपेशी तळाशी बसतात. हातमोजे घातलेल्या हाताने बाटलीतून एकच पट्टी काढायची, चौकटींना बोट लावायचे नाही आणि झाकण लगेच घट्ट लावायचे. मग सगळ्या चौकटी भिजतील अशी पट्टी बुडवायची आणि लगेच, सेकंदाच्या आत, बाहेर काढायची. जास्त वेळ बुडवून ठेवली तर चौकटींतली रसायने लघवीत विरघळून निघून जातात; प्रथिनाच्या चौकटीतले आम्ल धुऊन गेले तर ती प्रथिन नसताना हिरवट होते. बाहेर काढताना पट्टीची कड डबीच्या काठाला घासत ओढायची आणि नंतर ती कड टिपकागदाला टेकवायची, म्हणजे जास्तीची लघवी शोषली जाते. त्यानंतर पट्टी आडवीच धरायची. उभी धरली तर एका चौकटीतून दुसरीत ओघळ जातो, आणि प्रथिनाच्या चौकटीतले आम्ल शेजारच्या पीएचच्या चौकटीवर उतरून पीएच खोटाच कमी दाखवते. हे सारे करताना डोळा घड्याळावर असतो, कारण पट्टी बाहेर आल्या क्षणापासून वेळ मोजायचा असतो.

आमच्याकडच्या पट्टीवर ग्लुकोज आणि बिलिरुबिन तीस सेकंदांनी, कीटोन चाळीस सेकंदांनी, विशिष्ट गुरुत्व पंचेचाळीस सेकंदांनी, पीएच, प्रथिन, रक्त, युरोबिलिनोजेन आणि नायट्राइट साठ सेकंदांनी आणि श्वेतपेशी दोन मिनिटांनी वाचायच्या असतात. कंपनी बदलली की या वेळा आणि चौकटींचा क्रमही बदलू शकतो, म्हणून नवी बाटली उघडली की तिच्या अंगावरचा तक्ता आधी पूर्ण वाचायचा. दोन मिनिटांनंतर दिसणाऱ्या रंगांना अर्थ नसतो; रंग पुढे बदलतच राहतात आणि कचऱ्यात टाकलेली पट्टी अर्ध्या तासाने पाहिली तर ती सगळेच रोग दाखवत असते. उलट घाई केली तर श्वेतपेशींची चौकट पांढरीच दिसते, कारण त्या पेशींतल्या एस्टरेज विकराला काम करायला तेवढा वेळ हवाच असतो. एका वेळी सहा पट्ट्या टिपकागदावर ओळीने मांडून मग निवांत वाचत बसण्याची पद्धत मी इतरत्र पाहिली आहे. तिच्यात पहिल्या पट्टीचा वेळ केव्हाच उलटून गेलेला असतो आणि सहावीचा अजून झालेला नसतो. मी एका वेळी एकच पट्टी वाचते. थोडा उशीर होतो, बाहेरून कुणीतरी ‘मॅडम, अजून किती वेळ?’ असे विचारते, पण माझ्या मते या कामात वाचवण्यासारखा वेळ हा नाहीच.

प्रकाशाचीही एक कथा आहे. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड सगळ्यांत चांगला. पांढरी ट्यूब चालते. पिवळा दिवा हिरव्या-पिवळ्यातला फरक खाऊन टाकतो. पावसाळ्यात वीज गेली की कोणीतरी मोबाइलचा टॉर्च पुढे करते, आणि त्या निळसर झोतात प्रथिनाच्या चौकटीवरचा ‘ट्रेस’ (म्हणजे अंशमात्र) आणि ‘एक प्लस’ यांतला फरक ठरवणे अवघड होते. अशा वेळी मी डबी आणि बाटली घेऊन सरळ व्हरांड्यात जाते.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची तपासणी असते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत चौथ्या महिन्यापासून पुढच्या स्त्रियांना त्या दिवशी डॉक्टरांकडून तपासून घेता येते. त्या दिवशी आशा ताई वाड्यावाड्यांवरून बायकांना घेऊन येतात, वजन-रक्तदाबाच्या टेबलासमोर रांग लागते आणि माझ्या ट्रेमध्ये डब्यांना जागा उरत नाही. त्या दिवसाची खरी चौकट प्रथिनाची. तिच्यात टेट्राब्रोमोफिनॉल ब्ल्यू नावाचे सूचक रसायन असते आणि ते पीएच तीनच्या आसपास राहील असे आम्ल त्यात मुरवलेले असते. त्या आम्लात सूचक पिवळेच राहायला हवे. पण अल्ब्युमिन हे प्रथिन आले की ते सूचकाला चिकटते आणि पीएच बदललेला नसतानाही रंग हिरव्याकडे आणि मग निळसर हिरव्याकडे झुकतो. तक्त्यावर ‘ट्रेस’नंतर एक प्लस म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये साधारण ३० मिलिग्रॅम, दोन प्लस म्हणजे १००, तीन प्लस म्हणजे ३०० आणि चार प्लस म्हणजे २००० किंवा त्याहून जास्त. हे आकडे दाटपणाचे आहेत, दिवसभरात एकूण किती प्रथिन गेले त्याचे नाहीत. सकाळपासून पाणी न पिता घाटातल्या एसटीने आलेल्या बाईच्या दाट लघवीत ‘ट्रेस’ दिसणे निरोगीपणातही शक्य आहे, आणि रांगेत उभे राहून दोन बाटल्या पाणी प्यालेल्या बाईच्या पातळ लघवीत खरेखुरे प्रथिनही लपून जाऊ शकते. म्हणून मी प्रथिनाची चौकट विशिष्ट गुरुत्वाच्या चौकटीकडे पाहिल्याशिवाय वाचत नाही. उपकेंद्रावरच्या दोन चौकटींच्या पट्टीत ही सोय नाही, हा तिचा मला जाणवणारा सगळ्यांत मोठा उणेपणा.

अशाच एका ९ तारखेला आठव्या महिन्यातली, पहिलटकरीण असलेली एक मुलगी आली होती. तिच्या माता व बालसंरक्षण कार्डावर आधीच्या भेटींत अल्ब्युमिन ‘निल’ लिहिलेले होते. पट्टी काढून टिपून आडवी धरली तेव्हा पंधरा-वीस सेकंदांतच प्रथिनाची चौकट पिवळ्यावरून हिरवी व्हायला लागली होती. तरी साठ सेकंद थांबले, कारण घाईने वाचलेल्या रंगावर डॉक्टरांना बोलवायचे नसते. साठाव्या सेकंदाला ती तीन प्लसच्या चौकोनाशी जुळली. विशिष्ट गुरुत्व १.०१५, पीएच ६, म्हणजे दाट लघवीमुळे किंवा अल्कधर्मी लघवीमुळे आलेला हा रंग नव्हता. नायट्राइट आणि श्वेतपेशी दोन्ही निल, म्हणजे संसर्गाची खूणही नव्हती. रक्तदाबाच्या टेबलावरून सिस्टरनी तिचा कागद आणला तर त्यावर १५०/९६ लिहिलेले होते. तिला विचारले तर ‘डोके दोन दिवस दुखते आहे, पण उन्हामुळे असेल’ असे म्हणाली, आणि पायातल्या चपलेचे पट्टे घट्ट झाले होते ते तिने नंतर दाखवले. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिला आडवे करून रक्तदाब पुन्हा मोजला, प्लेटलेट आणि यकृताच्या तपासण्यांसाठी रक्त घेतले, मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन दिले आणि १०८ च्या गाडीने जिल्हा रुग्णालयात पाठवले. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा त्याहून वरचा रक्तदाब आणि लघवीत प्रथिन ही जोडी प्रीएक्लॅम्प्सियाची, आणि तिच्यातून झटके येऊ शकतात, हे प्रत्येक आरोग्यसेविकेला पाठ असते. पक्के निदान करायला प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) किंवा चोवीस तासांची लघवी लागते. पट्टीचे काम गाडी वेळेवर निघावी एवढेच, आणि त्या दिवशी ते तिने केले.

साखरेच्या चौकटीबद्दल डॉक्टर आणि रुग्ण दोघांचेही गैरसमज असतात. या चौकटीत ग्लुकोज ऑक्सिडेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरे असतात आणि ती फक्त ग्लुकोजला ओळखतात. अंगावर दूध पाजणाऱ्या आईच्या लघवीत लॅक्टोज उतरले तर बेनेडिक्टचे द्रावण हिरवे-पिवळे होते, पट्टी मात्र निलच राहते. हा पट्टीचा गुण. पण नवजात बाळाच्या लघवीत गॅलॅक्टोज शोधायचे असेल तर हाच गुण दोष होतो, म्हणून आमच्या कपाटात बेनेडिक्टची बाटली अजून आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, म्हणून निल अहवाल म्हणजे मधुमेह नाही असे होत नाही. उलट गरोदरपणात मूत्रपिंडाची ही मर्यादा खाली येते आणि रक्तातली साखर ठीक असतानाही चौकट रंगते. गेल्या काही वर्षांत यात एक नवी भर पडली आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यामुळे त्या घेणाऱ्या माणसाच्या पट्टीवर चार प्लस दिसणे हे गोळी काम करत असल्याचे लक्षण असते. एक गृहस्थ असा अहवाल हातात घेऊन घाबरून माझ्याकडे परत आले होते, ‘ताई, बोटाच्या तपासणीत साखर १२६ आणि इथे चार प्लस, कोणते खरे धरू?’ दोन्ही खरे होते. तेव्हापासून मी चार प्लस दिसले की मधुमेहाच्या गोळीचे नाव विचारते आणि नोंदवहीत शेजारी लिहिते.

कीटोनच्या चौकटीत नायट्रोप्रुसाइड असते आणि ती जांभळट झाली की शरीर चरबी जाळत आहे एवढे कळते. उलट्यांनी बेजार झालेल्या गरोदर बाईत ती रंगते, मधुमेहाच्या गंभीर अवस्थेत रंगते, आणि संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी किंवा नवरात्रात उपास धरलेल्या माणसातही रंगते. म्हणून मी ‘काल जेवलात का?’ हे आधी विचारते. डॉक्टरांना मात्र एक गोष्ट मी वेगळी सांगते: ही चौकट ॲसिटोॲसिटेट हा कीटोन पकडते, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हा दुसरा पकडत नाही, आणि मधुमेही कीटोॲसिडोसिसमध्ये दुसरेच जास्त असते. रुग्ण फार आजारी दिसतो आणि चौकट फिकीच आहे, असे असेल तर चौकटीपेक्षा रुग्णावर विश्वास ठेवावा.

रक्ताची चौकट मला सगळ्यांत बोलकी वाटते. अखंड रक्तपेशी असतील तर त्या चौकटीवर पडल्या जागी फुटतात आणि पिवळ्या पार्श्वभूमीवर हिरवे ठिपके उमटतात. पेशी फुटून मोकळे हिमोग्लोबिन आलेले असेल, किंवा स्नायू चिरडल्यामुळे मायोग्लोबिन आलेले असेल, तर संपूर्ण चौकट एकसारखी हिरवी होते. हे ठिपके भिंगाखाली पाहण्याची सवय मी मुद्दाम लावून घेतली आहे. चौकट गडद हिरवी आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकही तांबडी पेशी नाही, असे दिसले तर तो विरोध अहवालात लिहावाच लागतो, कारण डॉक्टरांच्या दृष्टीने त्या विरोधातच निदान असते. याच्या उलट, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरपूर घेणाऱ्या माणसात ही चौकट रक्त असूनही फिकी राहू शकते. साखर, नायट्राइट आणि बिलिरुबिन यांच्या चौकटींवरही त्या गोळ्या असाच परिणाम करतात.

आता पावसाळ्याबद्दल. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे कपाटातल्या कागदालाही ओल धरते, आणि पट्टीचा सगळ्यांत मोठा शत्रू ओलच आहे. बाटलीच्या झाकणात किंवा आत पुडीत ओल शोषणारा पदार्थ असतो. ती पुडी कचरा समजून फेकणारे लोक मी पाहिले आहेत. त्याहून वाईट म्हणजे शंभर पट्ट्यांची एक बाटली उघडून तिच्यातल्या पंधरा-वीस पट्ट्या औषधाच्या कागदी पुडीत बांधून वेगवेगळ्या ठिकाणी वाटून देणे. एका आरोग्यसेविकेने अशा पुडीतली दहा चौकटींची पट्टी वापरून तिच्या भागातल्या लागोपाठच्या बायकांना लघवीचा संसर्ग असल्याचे कळवले. मी तिच्याकडची न वापरलेली एक कोरडी पट्टी मागवून तक्त्याशेजारी धरली, तर नायट्राइटची चौकट लघवी न लागताच गुलाबी झालेली होती. हवेत उघडी राहिलेली पट्टी नायट्राइट खोटे दाखवते आणि श्वेतपेशींची चौकट मात्र निकामी होते, म्हणजे एकीकडे नसलेला संसर्ग दिसतो आणि दुसरीकडे असलेला दडतो. तिचा यात काही दोष नव्हता, तिला पुडीच मिळाली होती. आता आम्ही उपकेंद्रांना लहान का होईना, पण बंद बाटलीच देतो, झाकणावर उघडल्याची तारीख लिहायला लावतो, आणि पट्टी बुडवण्याआधी तिच्या कोऱ्या चौकटी तक्त्यावरच्या ‘निल’ रंगांशी जुळतात का हे पाहायला शिकवतो. ओल टाळायची म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवणेही चूक. थंड बाटली उघडली की आत दव धरते. पंधरा ते तीस अंश तापमानाची, सावलीतली कोरडी जागा हवी, आणि कोकणात ती शोधावी लागते.

चांगल्या पट्टीवरही नायट्राइटला मर्यादा आहेत. ई. कोलायसारखे जंतू लघवीतल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात तेव्हाच ती चौकट गुलाबी होते, आणि त्यासाठी लघवी मूत्राशयात सुमारे चार तास राहिलेली असावी लागते. संसर्ग झालेला माणूस तर अर्ध्या-अर्ध्या तासाने लघवीला जात असतो! म्हणूनच अशा रुग्णाला मी सकाळची पहिली लघवी आणायला सांगते. एन्टेरोकॉकससारखे जंतू नायट्राइट करतच नाहीत. त्यामुळे नायट्राइट आणि श्वेतपेशी या दोन्ही चौकटी निल असूनही जळजळ, ताप आणि कंबरदुखी असेल तर नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून पाहायला, गेलाच पाहिजे असे मी स्वतःहून सुचवते, आणि तरुण डॉक्टर ते बहुधा मानतात.

पट्टी काय पाहू शकत नाही याचा सगळ्यांत ठळक धडा मला एका साठीतल्या शेतकऱ्याच्या नमुन्याने दिला. पाठदुखी, फिकेपणा आणि वाढलेले क्रिएटिनिन यांसाठी डॉक्टरांनी लघवी पाठवली होती. पट्टीवर प्रथिन निल. तरीही वरिष्ठांनी कुठल्याही प्रथिनाचा साका धरवणाऱ्या सल्फोसॅलिसिलिक ॲसिडचे थेंब सोडून पाहायला सांगितले, आणि स्वच्छ लघवी नळीत दुधासारखी गढूळ झाली. मग त्यांनी दुसऱ्या नळीत नमुना घेऊन पाण्यात हळूहळू तापवून दाखवला: पन्नास-साठ अंशांच्या आसपास साका धरला, आणि उकळीपर्यंत नेल्यावर तो पुष्कळसा विरघळला. पट्टीतले सूचक मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटते. अस्थिमज्जेच्या कर्करोगात उतरणारी बेन्स जोन्स प्रथिने त्याला दिसत नाहीत. तापवून पाहण्याची ही पद्धत आता निदानासाठी पुरेशी मानत नाहीत, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विजेच्या प्रवाहाने प्रथिने वेगळी करण्याची तपासणी, लागते आणि तो नमुना शहरात पाठवला. पण पाठवायचा हे सुचले ते त्या गढूळ नळीमुळे. मधुमेही रुग्णाच्या मूत्रपिंडाला नुकतीच इजा सुरू झालेली असते तेव्हाही साधी पट्टी गप्पच राहते, कारण तेव्हा उतरणारे अल्ब्युमिन तिच्या पकडीपेक्षा कमी असते. त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची वेगळी तपासणी सांगावी लागते.

रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी आम्ही नियंत्रण द्रावणांवर (ज्यांचे उत्तर आधीच माहीत असते) एकेक पट्टी चालवतो, एक सकारात्मक आणि एक नकारात्मक. नकारात्मक म्हणून साधे पाणी वापरण्याची काटकसर काही जण करतात; ती करू नये, कारण पट्टी लघवीसाठी बनवलेली असते आणि क्षारविरहित पाण्यावर तिचे वागणे लघवीवरच्यासारखे असेलच असे नाही. द्रावणे महाग पडतात हे खरे आहे आणि मागणीपत्रावर त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह येते हेही खरे आहे, पण बाटली बिघडली आहे हे रुग्णाच्या आधी आपल्याला कळण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

अलीकडे आमच्याकडे पट्टी वाचणारे लहान यंत्र आले आहे. पट्टी त्याच्या खाचेत ठेवली की ते ठरलेल्या सेकंदाला प्रत्येक चौकटीवर प्रकाश टाकून परावर्तित उजेड मोजते आणि कागदी फीत बाहेर काढते. दोन माणसांच्या डोळ्यांतला फरक आणि दिव्यांचा प्रश्न त्यामुळे सुटला, आणि हिरवा-तांबडा नीट न दिसणाऱ्या सहकाऱ्यालाही आता हे टेबल सांभाळता येते. कड न टिपता ठेवलेली पट्टी मात्र यंत्रातही ओघळते, आणि यंत्र ते निमूटपणे मोजते. क्षयाच्या औषधातले रिफाम्पिसिन घेणाऱ्या रुग्णाची लघवी नारिंगी असते, ती चौकटींना स्वतःचाच रंग देते, आणि यंत्र त्या रंगालाही बिलिरुबिन समजू शकते. म्हणून फीत नोंदवहीत चिकटवण्याआधी मी डबी उजेडात धरून लघवीचा रंग आणि गढूळपणा स्वतः पाहून लिहिते. रंग असा औषधाचा असेल तर अहवालात ‘रंगीत नमुना, पट्टीचे वाचन ग्राह्य नाही’ अशी ओळ येते, औषधाचे नाव शेजारी येते, आणि नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सूक्ष्मदर्शकाखाली घेतला जातो.